चाळिशीनंतर बाईक रेसिंग: ट्रॅकवर पडलो, उठलो; आणि घाटात जे झालं ते

(या आठवड्याच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना दोन-दोनदा सांगितलेलं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या वेळी बोलता बोलता मी सहज म्हणून गेलो की पुढच्या महिन्यात मी रेसला जाणार आहे, आणि नंतर मेसेजमध्ये निम्म्या लोकांनी एकच विचारलं: "दादा, खरंच? या वयात?"

तर हो, खरंच. मी ४६ वर्षांचा आहे. पुण्यात अकाउंट्सची छोटी प्रॅक्टिस आहे. महिन्याच्या २० तारखेच्या आसपास जीएसटी रिटर्नमुळे माझ्याशी कोणी बोलू नये अशी परिस्थिती असते. आणि वर्षातून तीन-चार वेळा मी दोन-तीन जणांबरोबर टेम्पो ठरवतो, त्यात बाईक बांधून चेन्नईला पाठवतो आणि मागोमाग स्वतः जातो. जिंकत नाही. आजवर एकदाही पहिल्या दहात आलेलो नाही, आणि येईन असंही वाटत नाही. त्यामुळे हा एपिसोड "मी स्वप्न कसं पूर्ण केलं" या प्रकारातला नाहीये. पाच वर्षांत जे कळलं ते सांगतो. त्यातलं काही बाईकबद्दल आहे, काही शरीराबद्दल, आणि एक गोष्ट माझ्या भाच्याबद्दल आहे. ती सांगायची की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "सांग मामा, फक्त नाव घेऊ नकोस."

आधी थोडं ठिकाणाबद्दल, कारण "रेसिंग कुठे असतं आपल्याकडे?" हाही प्रश्न असतोच. भारतात सर्किटवरच्या मोटरसायकल रेसिंगची नेहमीची नावं तीन. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला इरुंगट्टुकोट्टई इथला मद्रासचा ट्रॅक, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट. बुद्ध सगळ्यात मोठा, पाच किलोमीटरच्या वर. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोटोजीपी तिथेच झाली होती. मद्रासचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, त्यात १२ वळणं. तो होण्याआधी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेस व्हायच्या, म्हणजे त्या भागात हे वेड जुनंच आहे. आपल्या पुण्याचं नाव आहे ते मातीतल्या रेससाठी, डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉस. पण मला माती जमत नाही. उड्या मारायला गुडघे लागतात, आणि माझे गुडघे जिना उतरताना आवाज करतात.

माझी बाईक सेकंडहँड केटीएम आरसी ३९०. चाकणला बनलेली, ३७३ सीसी, एक सिलिंडर. ट्रॅकवर नेताना आरसे, इंडिकेटर, साईड स्टँड, नंबर प्लेट सगळं काढायचं. कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण कूलंट रस्त्यावर सांडलं तर मागच्याचं काही खरं नाही. ऑईलच्या नटाला भोक पाडून तारेने बांधायचं, म्हणजे तो सैल होऊन पडणार नाही. हे सगळं तपासायला माणसं असतात, आणि तार नीट नसेल तर ट्रॅकवर सोडत नाहीत. पहिल्यांदा मला परत पाठवलं होतं. राग आला होता. आता नाही येत.

डोळे जिथे, बाईक तिथे

मी सुरुवात केली ४१ व्या वर्षी, थेट रेसने नाही तर ट्रेनिंग स्कूलने. कीथ कोड नावाच्या अमेरिकन माणसाने १९८० मध्ये कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूल काढलं, त्यांची शिबिरं चेन्नईच्या ट्रॅकवरही होतात. त्याचं 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' हे पुस्तक रेसिंग शिकणाऱ्यांमध्ये पाठ्यपुस्तकासारखं आहे. त्यातली एक कल्पना माझ्यासारख्या हिशेबवाल्याला लगेच पटली. तो म्हणतो, समजा तुमच्याकडे लक्ष देण्याची ताकद म्हणजे दहा डॉलरची एक नोट आहे. नवशिक्याचे नऊ डॉलर "मी पडणार तर नाही ना" यातच जातात. ब्रेक कुठे मारायचा, वळण कुठे सुरू होतंय, यासाठी एकच उरतो. शिकायचं म्हणजे एकेक गोष्ट इतकी सवयीची करायची की तिच्यावर खर्चच होऊ नये.

पहिल्या दिवशी माझे दहाच्या दहा डॉलर पुढच्या चाकावर खर्च होत होते. मी पुढच्या चाकापासून दहा मीटरवरचा डांबर बघत होतो. आता हिशेब करा. ताशी १५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर. दहा मीटर पुढे बघणारा माणूस पाव सेकंद पुढे बघतोय. पाव सेकंदात काहीच करता येत नाही, फक्त दचकता येतं. म्हणून नजर लांब. वळणात शिरायच्या आधी वळणाचा आतला बिंदू बघायचा, त्या बिंदूपाशी पोचायच्या आधी बाहेर पडायची जागा बघायची. मान फिरवून. हनुवटीने दिशा दाखवायची.

हे उलट्या बाजूनेही खरं आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. घाबरल्यावर माणूस ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याकडेच बघतो. खड्डा, कठडा, समोरचा ट्रक. आणि जिथे बघतो तिथेच बाईक जाते. तुम्ही सगळ्यांनी हे अनुभवलंय, सायकल शिकताना. मोकळ्या मैदानात एकच खांब असतो आणि आपण बरोबर त्यालाच धडकतो.

वयाचा भाग इथे येतो. मला चाळिशी लागली आहे. दूरचं छान दिसतं, पण नजर ट्रॅकवरून डॅशबोर्डवर आणली की आकडे पुसट. वीस वर्षांच्या पोराचा डोळा क्षणात फोकस बदलतो, माझा नाही. मी दोन सेशन आरपीएम वाचायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी मान वर केली तेव्हा वळण अपेक्षेपेक्षा जवळ आलेलं होतं. शेवटी डॅशबोर्डवर टेपच लावली. गिअर कधी बदलायचा ते आवाजावरून. एक इन्स्ट्रक्टर हसून म्हणाला की हे सगळ्यांनीच करायला हवं.

बाईक का झुकते, किती झुकते

रेसिंगचे फोटो बघून सगळ्यांना गुडघा टेकवायचा असतो. थोडं थांबा. बाईक का झुकते ते आधी.

वळणात शरीर बाहेर फेकलं जातंय असं वाटतं, आणि त्याला तोलायला बाईक आत झुकवावी लागते. किती, हे फक्त दोन गोष्टींवर ठरतं, वेग आणि वळणाची त्रिज्या. तुमचं वजन ५५ किलो असो की माझ्यासारखं ८२, कोन तोच. समजा वळणाची त्रिज्या ६५ मीटर आहे. ताशी ९० ने गेलात तर साधारण ४४ अंश झुकावं लागेल. ताशी १०० ने गेलात तर ५० च्या वर. वेग फक्त दहाने वाढला, कोन सहा अंशांनी. कारण वेगाचा वर्ग होतो. चाळीसच्या पुढे प्रत्येक अंश महाग असतो, टायरची कड संपत येते, फूटपेग घासायला लागतात. मोटोजीपीवाले साठच्या वर जातात, पण त्यांचे टायर म्हणजे वेगळीच चीज. तुमच्या-माझ्या टायरवर ते चालत नाही.

मग ते शरीर बाहेर का काढतात? स्टाईलसाठी नाही. बाईक आणि माणूस मिळून जो भार आहे त्याचा मध्य आत सरकवला की त्याच वेगाला बाईक थोडी कमी झुकवावी लागते. टायरची कड शिल्लक राहते. गुडघा टेकतो तो अंदाज घेण्यासाठी, किती झुकलोय ते कळायला. माझा गुडघा टेकायला दीड वर्ष लागलं. टेकला तेव्हा मी इतका खूश झालो की पुढच्या वळणाला ब्रेक मारायचाच विसरलो आणि सरळ मातीत गेलो.

आणखी एक, जे रस्त्यावरही रोज उपयोगी पडतं. चालत्या बाईकला डावीकडे वळवायचं तर डावं हँडल पुढे ढकलायचं. हो, पुढे. उलटं वाटतं, पण तुम्ही नकळत तेच करत असता, नाहीतर बाईक झुकलीच नसती. फरक एवढाच की नकळत करणारा माणूस घाबरल्यावर उलटं करतो, हँडल घट्ट धरतो, आणि बाईक वळेनाशी होते. मोकळ्या रस्त्यावर, ताशी ४० ला, हळूच करून बघा. बाईक तिकडे झुकते.

आणि पकड. टायरची पकड म्हणजे नवरा-बायकोचं जॉइंट अकाउंट समजा. ब्रेक त्यातूनच पैसे काढतो, वळणही त्यातूनच. सरळ असताना सगळी रक्कम ब्रेकला देऊ शकता. बाईक झुकायला लागली की ब्रेक हळूहळू सोडत जायचं, म्हणजे वळणाला पैसे मिळतील. दोघांनी एकाच वेळी पूर्ण रक्कम काढायचा प्रयत्न केला की खातं बंद. त्यात थंड टायर म्हणजे खात्यात मुळातच शिल्लक कमी. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शरीराचा हिशेब

पहिल्या वर्षी चौथ्या सेशननंतर माझ्या हाताचे पंजे बधिर व्हायचे. क्लच दाबता येईना. मला वाटलं हार्टचं काही आहे का. ईसीजी काढला, ठीक निघाला. कारण साधं होतं. ब्रेक मारल्यावर सगळं अंग पुढे येतं आणि मी ते हातांवर तोलत होतो. अंग मांड्यांनी तोलायचं असतं. टाकी मांड्यांनी अशी धरायची की हात सोडले तरी पडू नये. यासाठी मांड्या आणि पोटाचे स्नायू लागतात. मग सुरू झालं, रोज सकाळी प्लँक आणि बैठका. आमच्या घरी लेक मोबाईलवर टायमर लावून बसायची आणि वीस सेकंदांनंतर मोठ्याने हसायची.

दुसरं म्हणजे उष्मा. चेन्नईचं ऊन, अंगावर पूर्ण चामड्याचा सूट, खाली काळा डांबर. सेशन पंधरा-वीस मिनिटांचं, पण सूट काढला की घामाने निथळलेला. पहिल्या दिवशी दुपारनंतर माझ्या चुका वाढत होत्या आणि मला वाटत होतं की आत्मविश्वास कमी पडतोय. आत्मविश्वास नव्हे, मीठ-पाणी कमी पडत होतं. आता प्रत्येक सेशननंतर ओआरएस, आणि जेवणात दहीभात. पोटभर बिर्याणी खाऊन दोनच्या सेशनला जाणारी तरुण पोरं मी पाहिलीत. ती जातात आणि चांगली चालवतात, हा अन्याय आहे.

कारण खरं सांगायचं तर विशीतलं पोर माझ्यापेक्षा सगळ्यात वरचढ आहे. नजर, रिफ्लेक्स, पडल्यावर हाड जुळायचा वेग. माझ्याकडे जास्त आहे ती एकच गोष्ट, मी सगळं लिहून ठेवतो. टायरमध्ये हवा किती, सकाळी किती, गरम झाल्यावर किती, कोणत्या वळणाला कोणता गिअर, कुठे घाबरलो. एक्सेल शीट आहे. पहिल्या वर्षी माझा लॅप दोन मिनिटं एकतीस सेकंदांचा होता, आता दोन सोळा. चांगली पोरं दोन मिनिटांच्या आत जातात. पंधरा सेकंद कमी करायला मला पाच वर्षं लागली, आणि त्यातले दहा सेकंद जास्त धाडस करून नाही, तर वळणाआधी जास्त लवकर वेग कमी करून मिळालेत. हळू शिरलात तर ॲक्सिलरेटर लवकर उघडता येतो आणि सरळ रस्ताभर त्याचा फायदा मिळतो. जोशात शिरलेला माणूस वळणाच्या मध्यावर अजून ब्रेकच सोडत असतो.

पैशांचं विचारता तर एका वीकेंडला प्रवास, टेम्पो, एन्ट्री, टायर, पेट्रोल, राहणं धरून माझे पंचेचाळीस-पन्नास हजार जातात. ज्यांना बाईक भाड्याने मिळते किंवा कंपन्यांच्या वन-मेक रेसमध्ये सिलेक्शन होतं, त्यांचा हिशेब वेगळा. तिथे सगळ्यांना एकसारखी बाईक असते. टीव्हीएसच्या अशा रेस आहेत, रॉयल एन्फिल्डचा काँटिनेंटल जीटी कप २०२१ पासून आहे. तरुण असाल तर तो रस्ता बघा.

आणि इन्शुरन्स. माफ करा, हा माझा धंदा आहे, मी बोलणारच. तुमच्या बाईकच्या पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, ट्रॅकवर बाईक मोडली तर खर्च तुमचा. हेल्थ पॉलिसीत एक्सक्लुजन ०९ नावाचं कलम असतं, धोकादायक आणि साहसी खेळांचं, त्यात मोटर रेसिंगचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. पण वाक्यरचना नीट वाचा. "व्यावसायिक म्हणून" भाग घेतला तर, असं आहे. आपण हौशी. तरीही मी कंपनीला लेखी विचारून उत्तर ईमेलवर घेऊन ठेवलं. तुम्हीही घ्या. पडल्यावर विचारू नका.

मी पडलो तो दिवस

तिसऱ्या वर्षी. एक छोटी क्लब लेव्हलची रेस, आमचा नवख्यांचा गट. दुसऱ्याच लॅपला कोणीतरी पडलं आणि लाल झेंडा लागला. लाल म्हणजे सगळं थांबवा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान माणूस येतोय, तुमची लाईन धरून चाला. तो मला बराच बघायला मिळतो. काळा म्हणजे तुम्ही, तुम्हीच, आत या. झेंडे पाठ नसतील तर ट्रॅकवर पाय ठेवू नका.

आम्ही वीस-पंचवीस मिनिटं थांबलो. टायर थंड झाले. पुन्हा सुरू झालं आणि पहिल्याच लॅपला एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा मला आतून मारून गेला. इतका जवळून की त्याचं कोपर माझ्या हाताला लागलं. आता इथे जे झालं त्याचं वर्णन मी प्रामाणिकपणे करतो. ४४ वर्षांचा, दोन माणसं नोकरीला ठेवलेला, सोसायटीचा खजिनदार असलेला माणूस त्या क्षणी आठवीतला मुलगा झाला. मला त्याला परत गाठायचं होतं. पुढच्या वळणाला नेहमीपेक्षा उशिरा ब्रेक मारला, बाईक झुकली तरी ब्रेक सोडला नाही, आणि टायर थंड होते. जॉइंट अकाउंट. पुढचं चाक गेलं.

वेग ८५ च्या आसपास असेल. आवाज आठवतो, चामडं घासल्याचा, पत्र्यावर पोतं ओढल्यासारखा. मी पाठीवर घसरत गेलो, डांबरावरून मातीत, आणि थांबलो. आकाश दिसलं. मार्शल पळत आला, त्याने आधी माझं हेल्मेट काढू दिलं नाही, बोटं हलवायला सांगितली. कॉलरबोन मोडली होती. पहिला आपटलो तो खांद्यावर. बाकी एक ओरखडा नाही.

बायकोला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "कुठला हात?" मी म्हटलं, डावा. "बरं. मग रिटर्न भरता येतील." आणि फोन ठेवला. त्यानंतर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नऊ आठवडे हात गळ्यात होता किंवा फिजिओकडे होता. वीस वर्षांच्या माणसाला यापेक्षा बराच कमी वेळ लागतो, असं ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांनी माझ्या जन्मतारखेकडे बघितलं.

भाचा

तो माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा. तेव्हा २१ चा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. माझा पडण्याचा व्हिडिओ मागच्या रायडरच्या कॅमेऱ्यात आला होता. तो त्याने मित्रांमध्ये फिरवला, "माझा मामा" म्हणून. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छान वाटलं. तो येऊन प्रश्न विचारायचा, नजर कुठे, गुडघा कसा, टायरची हवा किती. मी सगळं शिकवलं. वहीत आकृत्या काढून. कुठे करायचं हे मात्र सांगायचं राहिलं. मला वाटलं ते त्याला माहीत आहे.

माझ्या अपघातानंतर पाच महिन्यांनी, रविवारी सकाळी, ताम्हिणीत. पावसाळा संपत आलेला. वळणावर पावसाने वाहून आलेली बारीक खडी. त्याचा वेग माझ्यापेक्षा कितीतरी कमी होता, मागच्या मित्राच्या अंदाजाने ५५. चाक घसरलं, तोही माझ्यासारखाच पडला, पण सहा-सात मीटरवर कठडा होता. उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी. रॉड. सात महिने. अजूनही तो थोडा लंगडतो.

दवाखान्यात ताईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुझं बघून." एवढंच. मी उत्तर दिलं नाही.

नंतर एका संध्याकाळी मी भाच्याच्या पलंगाशेजारी बसून त्याला गणित मांडून दाखवलं, कारण दुसरं काय करावं कळत नव्हतं. ८५ ने पडलेला माणूस घसरत जातो. चामडं आणि डांबर, मग माती, मिळून साधारण चाळीस मीटर. वेग हळूहळू संपतो. अंगावर येणारा जोर आपल्या वजनापेक्षाही कमी. ५५ ने पडलेला माणूस दगडी कठड्याला लागला तर थांबायला अर्धा मीटरही मिळत नाही. तो अर्धा मीटर धरला तरी जोर वजनाच्या वीस-पंचवीस पट. हा त्या दोन पडण्यांमधला फरक. माझ्याकडे मोकळी जागा होती, चामड्याचा सूट होता, समोरून काही येणार नव्हतं, रस्ता रोज झाडला होता, मार्शल पन्नास मीटरवर आणि ॲम्ब्युलन्स तयार. त्याच्याकडे जीन्स, डेनिमचं जाकीट आणि मोबाईलला रेंज नव्हती. मित्राने टॉवर मिळेपर्यंत बाईक पळवली.

त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "मामा, हे आधी सांगायचंस ना."

याचा अर्थ ट्रॅक सुरक्षित आहे असा घेऊ नका, मी तो घेणार नाही. २०२३ मध्ये मद्रासच्या याच ट्रॅकवर जानेवारीत ५९ वर्षांचे एक अनुभवी कार रेसर गेले आणि ऑगस्टमध्ये १३ वर्षांचा एक बाईक रेसर गेला. १३ वर्षांचा. मी त्या बातमीनंतर तीन महिने बाईकवरचं कव्हर काढलं नाही. आपल्या मागून येणारी बाईक ही ट्रॅकवरची सगळ्यात कठीण गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी मोकळी जागा कुठेच ठेवता येत नाही.

मी परत गेलो. का गेलो हे मला नीट सांगता येत नाही. बायकोशी ठरवून गेलो एवढं सांगतो. तिच्या तीन अटी आहेत. लाल झेंड्यानंतरची पहिली लॅप मी कोणाच्याही मागे राहून काढायची. घाटात ताशी ५० च्या वर जायचं नाही, आणि बाईकमध्ये जीपीएस आहे हे तिला माहीत आहे. तिसरी अट आमच्यातली आहे. पहिली अट मी पाळतो तेव्हा निळे झेंडे जरा जास्त दिसतात, बाकी काही होत नाही. पोरं जातात पुढे.

तुमच्यापैकी बरेच जण घाटात जाता, मला माहीत आहे, व्हिडिओ मीही बघतो. ट्रॅकला जायचे पैसे नाहीत, चेन्नई लांब आहे, हे दोन्ही खरं. एक करता येईल. मोकळ्या मैदानावर, एखाद्या बंद प्लॉटवर परवानगी काढून, दोन बाटल्या ठेवून ताशी ३० ला आठच्या आकड्यात फिरा. नजर, हँडल, मांड्या, ब्रेक हळूहळू सोडणं, यातलं सगळं ताशी ३० ला शिकता येतं. मी आजही करतो, कोथरूडच्या एका ग्राउंडवर, रविवारी सकाळी साडेसहाला, क्रिकेटवाले यायच्या आधी.

पुढच्या महिन्यात चेन्नई आहे. या वेळी भाचा येतोय बरोबर. चालवायला नाही. पिटच्या भिंतीवर बोर्ड धरून लॅप टाईम दाखवायला माणूस लागतो, ते काम त्याने मागून घेतलं. ताईला मी स्वतः जाऊन विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच्यासाठी खुर्ची ने. फार वेळ उभं राहवत नाही त्याला." खुर्ची घेतली आहे, घडीची. टेम्पोत बाईकच्या शेजारी बसेल.

काही विचारायचं असेल तर नेहमीप्रमाणे व्हॉइस नोट पाठवा. टायरच्या हवेचे आकडे बऱ्याच जणांनी मागितलेत. ते प्रत्येक टायरचे वेगळे असतात, त्यामुळे माझे आकडे तुमच्या बाईकला लावू नका. कंपनीचं स्टिकर चेन कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर असतं, तिथून सुरुवात करा. भेटू पुढच्या शनिवारी.